६४ जीबीचा स्टीम डेक: आतली चिप उचलून मोठी मारावी का? सांगली-साताऱ्यात कुणी केलंय?

कृष्णाकाठ_६४ (सांगली)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे स्टीम डेक आहे (वाल्व कंपनीचं हातात धरून गेम खेळायचं मशीन), तेव्हाचं सगळ्यात स्वस्तातलं ६४ जीबीचं मॉडेल. इथे अधिकृत विक्री नव्हती, म्हणून आतेभाऊ अमेरिकेतून येताना घेऊन आला. त्यात ५१२ जीबीचं कार्ड टाकलंय आणि झाडून सगळे गेम कार्डावरच आहेत. तरी दर आठ-पंधरा दिवसांनी 'जागा शिल्लक नाही' म्हणून बोंब. स्टोरेजचं पान उघडलं तर आतल्या मेमरीत एकही गेम दिसत नाही, पण 'इतर' नावाखाली निम्म्याहून जास्त पट्टी भरलेली. हा इतर कोण आणि माझ्या घरात भाडं न देता कसा राहतोय, हे कुणी सांगेल का?

मारुती रोडवर एका मोबाईल रिपेअरिंगवाल्याला विचारून आलो. हात चांगला आहे त्याचा, घरातले सगळे फोन त्याच्याकडेच जातात. मशीन न उघडताच म्हणाला, 'ईएमएमसी असणार. काढायची, २५६ ची मारायची, डम्प घेऊन परत लिहायचा. ठेवून जा.' ईएमएमसी म्हणजे आतली मेमरीची चिप आणि डम्प म्हणजे तिच्यातल्या मजकुराची पूर्ण प्रत; फोनमध्ये हे काम तो नेहमी करतो. पण एवढ्या महागाच्या वस्तूवर हॉट एअर (गरम हवेची बंदूक) मारलेली बघायची माझी तयारी नाही. जाणकारांनी मत द्यावं. वॉरंटीचा प्रश्न नाही, ती संपली.

हळद_वायदा (सांगली)

कार्ड १ टीबीचं टाका आणि विषय संपवा की लगा. चिप उचलायची म्हणजे पेशंट टेबलावर घेण्यासारखं झालं.

चिमटा_आणि_फ्लक्स (सातारा)

कृष्णाकाठ, मशीन ठेवून येऊ नका. मी स्वतः पोवई नाक्याजवळ रिपेअरिंगचं काउंटर चालवतो, त्यामुळे त्या माणसाला नावं ठेवत नाही. त्यानं फोनच्या हिशेबानं उत्तर दिलं आणि फोनला ते बरोबरच आहे. फोनमध्ये मेमरीची आयसी (चिप) थेट मदरबोर्डवर डकवलेली असते. उचलल्याशिवाय इलाज नसतो.

डेकचं तसं नाही. तुमच्या ६४ जीबीच्या मॉडेलमध्येही ईएमएमसीच आहे, पण ती एका वेगळ्या छोट्या पट्टीवर आहे आणि ती पट्टी एम.२ स्लॉटमध्ये बसते. माप २२३०, म्हणजे २२ मिमी रुंद, ३० मिमी लांब. एक स्क्रू काढला की पट्टी हातात येते. २५६ आणि ५१२ च्या मॉडेलला त्याच स्लॉटमध्ये एनव्हीएमई एसएसडी (जास्त वेगवान मेमरी) लावून दिलेली असते. तेव्हा ना हॉट एअर, ना रिबॉलिंग (चिपखाली कथलाचे बारीक गोळे नव्यानं बसवणं), ना डम्प. स्क्रूड्रायव्हर आणि थोडा धीर पुरे.

आता आयसी उचलणं म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे कशातून वाचताय ते कळेल. ईएमएमसीच्या पोटाखाली १५३ बॉल असतात, दोन बॉलमधलं अंतर अर्धा मिमी. पुष्कळ बोर्डांवर कडेनं काळा किंवा पांढरा गोंद भरलेला असतो. तो आधी गरम करून ब्लेडनं खरवडायचा, आणि शेजारचे कपॅसिटर ब्लेडबरोबर निघून येऊ द्यायचे नाहीत. मग बोर्ड खालून तापवायचा, वरून हवा मारायची आणि चिमट्यानं आयसीला कडेला अगदी हलकं टोचून बघत राहायचं. टोचल्यावर ती किंचित हलून आपोआप जागेवर परत आली तर खालचं कथील वितळलंय. त्या क्षणाच्या आधी उचललं तर बोर्डावरचे पॅड सोलून येतात आणि त्यानंतर गिऱ्हाईकाला फोन कसा लावायचा हा वेगळा विषय.

उचलली की विकनं (कथील शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीनं) पॅड साफ करा, नवीन आयसीला स्टेन्सिलवर बॉल करा, बसवा. त्याआधी जुनीचा डम्प घ्या: युजर एरिया वेगळा आणि दोन्ही बूट पार्टिशन वेगळी. बूट पार्टिशन विसरलं तर फोन लोगोवरसुद्धा येत नाही. शिवाय आरपीएमबी नावाचा एक सुरक्षित कप्पा असतो. त्याची किल्ली एकदाच लिहिता येते, म्हणून दुसऱ्या फोनमधून काढलेली वापरलेली आयसी मारली की पुष्कळ वेळा गाडी तिथेच अडते. आणि यूएफएस या दुसऱ्या जातीच्या मेमरी चिपलाही १५३ बॉल असतात, दिसायला जुळ्या बहिणी, पण पिना पूर्ण वेगळ्या. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

तुम्हाला यातलं काहीही करायचं नाहीये.

कृष्णाकाठ_६४

चिमटासाहेब, जीव भांड्यात पडला. म्हणजे ६४ वाल्या आणि ५१२ वाल्या मशीनमध्ये बोर्ड तोच?

चिमटा_आणि_फ्लक्स

स्लॉट तोच. ६४ ची पट्टी पीसीआयई (बोर्ड आणि स्टोरेज जोडणारी वाट) जेन २ च्या एका लेनवर चालते, एसएसडी जेन ३ च्या चार लेनवर (काही तुकड्यांत दोन लेन आहेत, खेळताना फरक कळत नाही). स्टोरेज आणि बोर्ड यांची कुलूपबंद जोडी लावलेली नाही. कोणतीही चांगली २२३० एसएसडी लावा, मशीन मुकाट्यानं घेतं.

टर्मिनलवाला_तात्या (विश्रामबाग, सांगली)

'इतर'चा हिशेब मी देतो. लिनक्सवर दिवस काढतो, त्यामुळे हा माझा प्रांत.

स्टीम ओएस, म्हणजे डेकची लिनक्सवर उभी असलेली सिस्टिम, डिस्कचे आठ तुकडे करते. एक ईएसपी, मग ईएफआय, रूट आणि व्हार या तिघांच्या अ आणि ब अशा दोन-दोन प्रती, शेवटी उरलेलं सगळं होम, म्हणजे तुमच्या फायलींची जागा. दोन प्रती अशासाठी की अपडेट नेहमी वापरात नसलेल्या प्रतीवर उतरतं. फसलं तर मशीन जुन्या प्रतीवर परत उभं राहतं. व्यवस्था उत्तम, पण दोन रूट मिळूनच १० जीबी जातात. ५१२ ला ते दिसत नाहीत, ६४ ला जाणवतात. त्यात ६४ जीबी हा कंपनीचा दशमान हिशेब. कॉम्प्युटरच्या मोजणीत तो ६० च्या खालीच येतो.

आता होमच्या आत. तुम्ही गेम कार्डावर टाकलात तरी दोन गोष्टी आतल्या मेमरीतच साचतात. एक शेडर कॅश. विंडोजचा गेम लिनक्सवर चालवताना ग्राफिक्सचे तुकडे आधीच तयार करून ठेवले की खेळताना झटके बसत नाहीत, म्हणून स्टीम ते डाउनलोड करून ठेवतं. मोठ्या गेमचे हे काही जीबी होतात. दुसरा कॉम्पॅटडेटा: प्रत्येक विंडोज गेमसाठी प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा स्टीमचा प्रोग्रॅम) एक छोटं खोटं विंडोज उभारतो, एका गेमला एक फोल्डर. शिवाय डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन ब्राउझर वगैरे घातले असतील तर ती फ्लॅटपॅकची मंडळीसुद्धा होमच्याच खात्यावर जेवतात.

शेडर कॅश डोळे झाकून उडवा, पुन्हा तयार होते. कॉम्पॅटडेटा उडवू नका. ज्या गेमला क्लाउड सेव्ह नाही त्याचं सेव्ह बऱ्याचदा त्याच खोट्या विंडोजच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये पडलेलं असतं. इंटरनेटवर दोन्ही फोल्डर एका दमात साफ करायचे सल्ले फिरतात. ते वाचून चाळीस-पन्नास तासांचा खेळ घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोन्ही फोल्डर कार्डावर हलवून जुन्या जागी दुवा ठेवायचा, असाही उपाय आहे. चालतो. पण यूएचएस-१ कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. ईएमएमसी तिच्या दुप्पट-तिप्पट वाचते आणि एसएसडीचा तर विषयच वेगळा. छोट्या-छोट्या हजारो फायली कार्डावर टाकल्या की गेम सुरू व्हायला जो वेळ लागतो त्यात चहा होतो. माझं मत: एसएसडी लावा.

हळद_वायदा

तात्या, एसएसडी लावल्यानं गेम जास्त पळणार का? नसेल पळत तर कशाला खर्च? मी आपला व्यापारी माणूस, फायदा कुठाय ते दाखवा.

टर्मिनलवाला_तात्या

फ्रेम रेट तोच राहणार. प्रोसेसर, रॅम काहीच बदलत नाही. फायदा जागेचा, मशीन चालू होण्याचा, गेम लोड होण्याचा आणि अपडेट उतरण्याचा. स्टीमचं अपडेट म्हणजे नुसतं डाउनलोड नसतं. जुन्या फायली उघडून त्यात तुकडे बसवून परत लिहायचं काम असतं आणि खरा वेळ तिथे जातो.

आणखी एक. ईएमएमसीला आयुष्य मोजायची सोय असते. ५.० आणि त्यापुढच्या चिपमध्ये चिप स्वतःच सांगते की झीज किती झाली. लिनक्सच्या सिस फोल्डरमध्ये ब्लॉक, मग एमएमसीब्लॉक-शून्य, मग डिव्हाइस असं आत गेलात की 'लाइफ टाइम' नावाची फाइल सापडते. तिच्यात दोन आकडे असतात. ०१ म्हणजे आयुष्य दहा टक्क्यांपर्यंत वापरलं, ०२ म्हणजे वीसपर्यंत, असं चढत जातं. ०ए म्हणजे शेवटचे दहा टक्के आणि ०बी म्हणजे हिशेबानं संपली, अजून चालतेय हे नशीब. सेकंडहँड ६४ चा डेक घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी ही फाइल जरूर उघडावी. बाहेरून चकचकीत आणि आतून ०९ अशी मशीनं असू शकतात.

चिमटा_आणि_फ्लक्स

तात्या, हे फार कामाचं. फोनच्या ईएमएमसीचंही प्रोग्रॅमर बॉक्सला लावल्यावर आम्ही पहिल्यांदा हेच बघतो. गिऱ्हाईक म्हणतं 'फोन हँग होतोय, सॉफ्टवेअर मारा'. सॉफ्टवेअर मारून काय होतंय, चिपच लिहायला नकार देते.

वारणेची_लेक

धाग्याचा विषय थोडा बदलते, पण तुम्ही चिपवाले एकत्र जमलाच आहात म्हणून विचारते. माझं सासर सांगलीवाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा खालच्या मजल्यावरचं बरंच सामान पाण्यात गेलं, त्यात मुलाचा निन्टेंडो स्विच होता, २०१७ चा पहिला. तेव्हा वाळवून कपाटात ठेवला तो तसाच आहे. चालू होत नाही. एका व्हिडिओत दाखवलं की त्याची मेमरी वेगळ्या पट्टीवर असते आणि सहज निघते. ती काढून दुसऱ्या जुन्या स्विचला लावली तर मुलाचे सेव्ह मिळतील का? तो आता कॉलेजला आहे, पण विषय निघाला की अजून हळहळतो.

चिमटा_आणि_फ्लक्स

ताई, व्हिडिओत दाखवलंय ते खरं आहे. पहिल्या स्विचमध्ये ३२ जीबीची ईएमएमसी एका छोट्या बोर्डावर असते, मदरबोर्डाला कनेक्टरनं दाबून बसवलेली. काढायला मिनिट लागत नाही. (स्विच लाइटला मात्र ती मदरबोर्डवरच पक्की आहे.) पण दुसऱ्या स्विचला लावून उपयोग होणार नाही. आतला मजकूर कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली मेमरीत नसते. ती त्या मशीनच्या टेग्रा प्रोसेसरमध्ये जन्मतः कोरलेली असते, दर मशीनला वेगळी. दुसऱ्या प्रोसेसरला ही पट्टी म्हणजे नुसता कचरा दिसणार. आणि स्विच सेव्ह कार्डावर ठेवत नाही, आतल्या मेमरीतच ठेवतो, त्यामुळे कार्डात शोधण्यातही अर्थ नाही.

मग आशा कुठे आहे? तुमचाच मदरबोर्ड जिवंत करण्यात. प्रोसेसर आणि रॅम शाबूत असतील आणि फक्त पॉवरची लाइन गेली असेल, तर बोर्ड उभा राहू शकतो. पट्टी त्यालाच लावली की सेव्ह जिथल्या तिथे. काम कसं चालतं ते सांगते बघा— माफ करा, सांगतो, मोबाईल माझ्या आधी टाइप करतो. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवायचं. मग शील्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ब्रशनं धुवायचं, जमल्यास अल्ट्रासोनिक बाथ. मग मल्टिमीटर घेऊन शॉर्ट कुठे ते शोधायचं. पुराच्या पाण्यात नुसतं पाणी नसतं, गाळ असतो, आणि तो आयसीखाली बसून वर्षानुवर्षं तांबं खात राहतो. इतक्या वर्षांनी शक्यता कमी आहे, तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. पण शून्य म्हणणार नाही. तोवर चार्जर लावून बघू नका, बॅटरी फुगलेली दिसली तर अजिबातच नाही.

टर्मिनलवाला_तात्या

ताई, एक विचारतो. मुलानं त्या वेळी निन्टेंडोची ऑनलाइन सदस्यता घेतली होती का? क्लाउड सेव्ह २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं होतं. सदस्यता असती तर खात्यावरून काहीतरी सापडण्याची शक्यता होती.

वारणेची_लेक

नव्हती हो. चिमटादादा, पुढच्या आठवड्यात साताऱ्याला नणंदेकडे यायचंय. येताना घेऊन येते. झालं तर झालं, नाही झालं तरी नक्की काय गेलंय ते तरी कळेल.

चिमटा_आणि_फ्लक्स

आणा. बघायचे पैसे नाहीत.

नुसताच_वाचक (कोरेगाव)

स्विचचीच ईएमएमसी २५६ करता येते असं वाचलं होतं. कुणी केलंय?

चिमटा_आणि_फ्लक्स

करणारे करतात. पण त्यासाठी मशीनचं कुलूप फोडून पूर्ण मेमरीची प्रत घ्यावी लागते, दोन बूट पार्टिशन धरून. त्यात प्रॉडइन्फो नावाचा भाग असतो, तुमच्या मशीनची ओळख आणि कॅलिब्रेशन त्यातच. तो गेला आणि प्रत नसली की मशीन कायमचं मुकं. कुलूप फोडायची जुनी वाट २०१८ मध्ये उघड झाली आणि त्याच वर्षी नव्या उत्पादनात बंद झाली. शिवाय असं मशीन ऑनलाइन गेलं की निन्टेंडो बॅन करते. कशासाठी हा उपद्व्याप? स्विच मायक्रोएसडी २ टीबीपर्यंत घेतो आणि त्याला शेडर कॅशची भानगड नाही. तिथे हळद_वायदा म्हणतात तेच बरोबर, मोठं कार्ड टाका.

हळद_वायदा

बघा, म्हाताऱ्याचं कुठंतरी बरोबर निघालं.

कराडकर_परदेशी

कृष्णाकाठ, एसएसडी घेताना दोन-तीन गोष्टी बघा. मी माझा डेक असाच वाढवलाय.

माप २२३० च घ्या. २२४२ स्वस्त मिळते, आणि बोर्डावर थोडी वाकवावाकवी करून लोकांनी ती बसवलीही. जून २०२२ मध्ये वाल्वच्या माणसानंच जाहीरपणे सांगितलं की तसं करू नका: लांब पट्टीसाठी थर्मल पॅड सरकवावा लागतो, शेजारची चार्जिंगची आयसी आधीच तापते, शिवाय २२४२ पट्ट्या वीज जास्त खातात. मशीन चालू राहील, पण आयुष्य कमी होईल. १२ मिमीसाठी हा सौदा वाईट आहे.

दुसरं, खाच बघा. एसएसडीला 'एम' खाच असते. त्याच २२३० मापात लॅपटॉपची वायफाय कार्डं येतात, त्यांची खाच वेगळी. ऑनलाइन फोटो बघून घाईत मागवणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

तिसरं, वेस्टर्न डिजिटलची एसएन७४० लोकप्रिय आहे, पण बाजारात येणारा पुष्कळ माल लॅपटॉपमधून काढलेला असतो. वाईट नसतो, पण 'नवीन' म्हणून नव्याचे पैसे देऊ नका. दुकानदाराची वॉरंटी लेखी घ्या. आली की पहिल्यांदा एखाद्या यूएसबी केसमध्ये घालून स्मार्टची माहिती (एसएसडीनं स्वतःच ठेवलेली नोंद) वाचा, किती तास चालली आणि किती टीबी लिहिलं गेलं ते तिथेच कळतं.

कृष्णाकाठ_६४

सगळ्यांचे आभार. ५१२ ची २२३० पुण्याहून मागवली, नवीन, बिलासकट. १ टीबीचा मोह झाला होता, पण कार्ड हाताशी आहेच. आता उघडायच्या आधी कुणी क्रम सांगेल का?

चिमटा_आणि_फ्लक्स

क्रमानं सांगतो, घाई नको.

मायक्रोएसडी कार्ड आधी काढा. हे विसरून मागचं झाकण उचललं की कार्ड मधोमध मोडतं. डेकवाल्यांच्यात सगळ्यात जास्त रडारड याच एका गोष्टीची.

बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या. मग मशीन बंद करून व्हॉल्यूम अप आणि पॉवर एकत्र दाबा, बायोस येईल. सेटअपमध्ये पॉवरखाली बॅटरी स्टोरेज मोड आहे, तो लावा. मशीन असं झोपतं की चार्जर लावल्याशिवाय उठत नाही. उघड्या मशीनवर चुकून बटण दाबलं जाण्याची भीती गेली.

मागे आठ स्क्रू आहेत, चार लांब आणि चार आखूड. कागदावर डेकची पाठ काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीनं डकवा. तुमच्या मॉडेलला हे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडत जातात. परत लावताना आधी उलटे फिरवा, 'टक' करून जुन्या आट्यात बसल्याचं बोटाला कळतं, मगच पिळा. न बघता पिळलं तर नवा आटा पडतो आणि दोन-तीन वेळा असं झालं की स्क्रू नुसता गरगरतो.

झाकण वरच्या बाजूनं, ट्रिगरजवळून उचलायला घ्या. गिटारचा पिक चालतो. आवाज मोठा येतो, घाबरू नका. आत धातूचं शील्ड दिसेल. त्याला तीन स्क्रू, त्यातला एक चंदेरी चिकटपट्टीखाली लपलेला आहे. तो न काढता शील्ड ओढणारे खूप. शील्ड निघालं की बॅटरीचं कनेक्टर सोडवा, मग एम.२ चा एकुलता एक स्क्रू. पट्टी तिरकी वर येते.

पट्टीवर चंदेरी बाही चढवलेली असेल. ती शोभेची नाही, शेजारच्या वायफायला त्रास होऊ नये म्हणून आहे. अलगद काढून नव्या एसएसडीवर चढवा.

स्थिर विजेचं म्हणाल तर सध्याच्या दमट हवेत भीती कमी, पण उन्हाळ्यात गादीवर बसून हे काम करू नका. वाल्वनं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, मशीन बाजारात येण्याआधीच, स्वतः ते उघडून दाखवलं होतं. त्यात 'तुमचा हक्क आहे, पण शक्यतो उघडू नका' असा सूर होता आणि स्थिर विजेचा इशाराही होता. एकदा उघडलं की पडल्यावर टिकायची ताकद थोडी कमी होते, हेही त्यांनीच सांगितलंय.

टर्मिनलवाला_तात्या

सॉफ्टवेअरची बाजू. दोन वाटा आहेत.

स्वच्छ वाट: वाल्वच्या साइटवरून रिकव्हरी इमेज घ्या, ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर लिहा. लिहायचा प्रोग्रॅम: विंडोजवर रुफस, बाकी कुठेही बलेना एचर. नवी एसएसडी लावून, पेनड्राइव्ह टाइप-सी हबला जोडून, व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर. बूट मॅनेजरमध्ये पेनड्राइव्ह निवडा. डेस्कटॉप उघडेल, त्यावर रि-इमेजचं चिन्ह. पुढचं सगळं ते स्वतः करतं. चार्जर लावून ठेवा.

दुसरी वाट, जसंच्या तसं हलवायचं असेल तर: एसएसडी आधी यूएसबीच्या एनव्हीएमई केसमध्ये घाला, डेकला जोडा, पेनड्राइव्हवरून बूट करून डीडी कमांडनं जुनी पूर्ण डिस्क नव्यावर उतरवा. मग होम पार्टिशन ताणून मोठं करा. ते शेवटी असल्यामुळे ताणायला सोपं. इथे एकच सावधगिरी: 'कुठून' आणि 'कुठे' ही दोन नावं तीन वेळा वाचा. एमएमसीब्लॉक-शून्य ही तुमची जुनी. उलटं लिहिलंत तर कोरी डिस्क भरलेल्यावर ओतली जाईल आणि डीडी 'खात्री आहे का' असं विचारत नाही.

तुमचे गेम कार्डावर आहेत. पहिली वाट घ्या. फक्त त्याआधी कॉम्पॅटडेटातली क्लाउड नसलेली सेव्ह कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

कृष्णाकाठ_६४

झालं! रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पांढरा कागद अंथरून काम केलं. बायको टॉर्च धरून उभी, मुलगा स्क्रूचा हिशेब ठेवायला.

झाकण उचलताना खरंच 'कडाड' आवाज आला, तेव्हा टॉर्च हलला. लपलेला स्क्रू चिमटासाहेबांनी सांगितला नसता तर सापडला नसता, पट्टी इतकी सपाट बसलेली. बाही काढताना मात्र घाम फुटला, एका कोपऱ्यात ती जरा चिकटून होती. बोटाच्या नखानं हळूहळू सोडवली. जुनी पट्टी हातात घेतली तर करंगळीच्या दोन पेरांएवढी. एवढ्याशा तुकड्यानं इतके दिवस छळलं.

रि-इमेज एका झटक्यात झालं. कार्ड परत घातल्यावर स्टीमनं लायब्ररी आपोआप ओळखली, एकही गेम पुन्हा डाउनलोड करावा लागला नाही. सेव्ह जागेवर ठेवले, तेही उघडले. चालू व्हायला लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झालाय. आणि हळद_वायदा, तुमच्यासाठी: गेम पूर्वीएवढाच पळतो, कबूल!

तात्यांनी सांगितलेली 'लाइफ टाइम'ची फाइल मशीन उघडण्याआधी बघून ठेवली होती. दोन्ही आकडे ०२. म्हणजे जुनी पट्टी तशी ठणठणीत आहे. मग तिचं करू काय? यूएसबी केसमध्ये घातली तर कॉम्प्युटर ओळखतच नाही.

चिमटा_आणि_फ्लक्स

ओळखणार नाही. ती केस फक्त एनव्हीएमईची भाषा बोलते. तुमच्या पट्टीवर ईएमएमसी आणि तिच्यापुढे पीसीआयईचा एक मध्यस्थ आहे, ती वेगळीच जात. अँटीस्टॅटिक पिशवीत घालून ठेवा. उद्या एसएसडीला काही झालं तर ही लावून मशीन चालू तरी होईल, आणि मशीन विकायला काढलंत तर ही लावून विका, एसएसडी तुमच्याकडे राहील.

नुसताच_वाचक

माझ्याकडे ओएलईडी मॉडेल आहे. त्यालाही हाच क्रम का?

कराडकर_परदेशी

साधारण हाच, पण स्क्रू टॉर्क्स टी६ आहेत आणि प्लास्टिकऐवजी धातूच्या आट्यात बसतात, त्यामुळे उघडझाप जास्त सोसतं. ओएलईडी नोव्हेंबर २०२३ मध्ये आला तो थेट ५१२ पासून, त्यात ईएमएमसी नाहीच. आतली मांडणी थोडी वेगळी आहे, तेव्हा एलसीडीच्या (कृष्णाकाठ यांच्या) मॉडेलचा व्हिडिओ बघून उघडू नका, त्याचाच बघा. कार्ड काढायचं दोन्हीकडे सारखंच.

हळद_वायदा

नातवाचा डेक माझ्याच घरी आहे, ६४ चाच. कृष्णाकाठ, तो मिस्त्री मुलगा आणि टॉर्च घेऊन पुढच्या रविवारी आमच्याकडे यायचं करा. भडंग आणि चहा माझ्याकडून. एसएसडीचं बिल नातवाच्या बापाकडून घेऊ.